पायलटचं लायसन्स परदेशात कसं चालतं? बेळगाव भागातून नेहमी येणारे प्रश्न

सांबरा विमानतळावर उड्डाण प्रशिक्षण सुरू झाल्यापासून बेळगावच्या आकाशात लहान विमानं घिरट्या घालताना रोज दिसतात. टिळकवाडीत आम्ही पायलटच्या लेखी परीक्षांचे वर्ग घेतो, तिथं निपाणी, खानापूर, संकेश्वर, चिक्कोडीहून पालक येतात. मुलगा अजून बारावीत असतो आणि वडील विचारतात, ‘लायसन्स मिळालं की दुबईला जाता येतंय न्हवं?’ ज्यांचं लायसन्स झालंय त्यांचे प्रश्न वेगळे असतात, पण गोंधळ तोच. वारंवार विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथं एकत्र दिली आहेत. नियम बदलत राहतात, त्यामुळे पैसे भरण्याआधी त्या-त्या देशाच्या विमान वाहतूक प्राधिकरणाचं संकेतस्थळ स्वतः उघडून बघा.

भारतातलं सीपीएल (कमर्शियल पायलट लायसन्स) घेऊन थेट परदेशात विमान उडवता येतं का?

विमान भारतात नोंदलेलं असेल तर येतं. १९४४ च्या शिकागो कराराचं ३२ वं कलम सांगतं की आंतरराष्ट्रीय उड्डाण करणाऱ्या विमानाच्या पायलटकडे, ते विमान ज्या देशात नोंदलंय त्या देशानं दिलेलं किंवा त्या देशानं ग्राह्य धरलेलं लायसन्स हवं. म्हणजे विमान कुठल्या देशावरून उडतंय ते बघायचं नाही, त्याच्या अंगावर कुठली अक्षरं रंगवलीत ते बघायचं. सांबऱ्याच्या प्रशिक्षण विमानांवर ‘व्हीटी’ दिसतं, ती भारताची नोंदणी. व्हीटीचं विमान घेऊन आपला पायलट दुबईला जातो, उतरतो, परत येतो. त्याला तिथलं लायसन्स लागत नाही. तोच माणूस दुबईच्या कंपनीत लागला की विमान ‘ए६’ नोंदणीचं, मग लायसन्सही अमिरातीचं. बेळगावची केए-२२ ची गाडी कोल्हापुरात न्यायला वेगळं लायसन्स लागत नाही, त्यामुळे आपल्या लोकांना हे पटकन पचत नाही.

व्हॅलिडेशन आणि कन्व्हर्जन एकच का?

नाही. व्हॅलिडेशन म्हणजे तुमचं भारतीय लायसन्स तसंच ठेवून दुसरा देश ‘आमच्या विमानांवर इतक्या मुदतीसाठी हे चालेल’ असं पत्र देतो. भारतीय लायसन्स, मेडिकल किंवा रेटिंग यातलं काहीही संपलं की ते पत्रही निकामी. कन्व्हर्जन म्हणजे त्या देशाचं नवंकोरं लायसन्स तुमच्या नावावर. त्याला परीक्षा, चाचण्या, तिथलं मेडिकल सगळं आलं. व्हॅलिडेशन बहुधा कंपनी मागते, कन्व्हर्जनसाठी बहुधा तुम्ही पळता.

आधी लायसन्स बदलून घ्यावं का आधी नोकरी शोधावी?

या एका प्रश्नावर आमच्याकडे येणारी निम्मी पोरं चुकीच्या टोकाकडून सुरुवात करतात.

विमान उडवण्याचा हक्क आणि त्या देशात नोकरी करण्याचा हक्क या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिला विमान प्राधिकरण देतं, दुसरा त्या देशाचं परराष्ट्र किंवा गृह खातं. युरोपचं लायसन्स तुमच्या खिशात असेल, पण तिथल्या विमान कंपन्यांच्या जाहिरातीत खाली एक ओळ असते: युरोपीय संघात कायम राहण्याचा आणि काम करण्याचा विनाअट हक्क असावा. ती ओळ वाचून मगच पैसे मोजा. वर्ष-दीड वर्ष अभ्यास करून, तेरा पेपर देऊन, मग ती ओळ वाचणारी मंडळी आहेत.

म्हणून आमचा सल्ला ठरलेला आहे. आधी भारतात तास जमवा, जमलं तर एखाद्या विमान कंपनीत को-पायलट म्हणून लागा, जेटचे तास आणि मग एटीपीएल, म्हणजे विमान कंपनीच्या पायलटचं वरचं लायसन्स, होऊ द्या. त्यानंतर ज्या देशात कंपनी स्वतः व्हिसा देते तिकडे अर्ज करा. कंपनीनं बोलावलं की कुठलं लायसन्स कसं करायचं ते तीच सांगते, बऱ्याचदा खर्चही तीच करते. उलट क्रम फक्त त्यांना परवडतो ज्यांच्याकडे परदेशी नागरिकत्व, ग्रीन कार्ड किंवा पती-पत्नीच्या नात्यानं मिळालेला कामाचा हक्क आधीच आहे. तुमची बायको जर्मनीत नोकरीला असेल तर हा सल्ला विसरा आणि थेट अभ्यासाला लागा.

माझे २०० तास झालेत, सीपीएल हातात आहे. आखातात काम मिळेल का?

नाही. अपवाद शोधत बसू नका.

मग आखातात जाणारे भारतीय पायलट जातात कसे?

अनुभवावर. तिथल्या मोठ्या कंपन्या परदेशी पायलट घेतात ते जेटवर शेकडो-हजारो तास केलेले, एटीपीएल असलेले, इंग्रजीचा चौथा किंवा वरचा स्तर असलेले. एटीपीएलला १,५०० तास लागतात. निवड झाली की कंपनीच अमिरातीच्या जीसीएए किंवा कतारच्या क्यूसीएए या विमान प्राधिकरणाकडे तुमची कागदपत्रं पाठवते. तिथलं मेडिकल आणि तिथल्या हवाई कायद्याची परीक्षा हा त्यातला छोटा भाग. मोठा भाग म्हणजे कंपनीची सिम्युलेटर चाचणी आणि मुलाखत. स्वतःच्या खर्चानं आखाती लायसन्स ‘काढून ठेवतो’ म्हणणाऱ्या पोरांना आम्ही बसवून चहा पाजतो आणि समजावून घरी पाठवतो.

अमेरिकेत भारतीय सीपीएल दाखवून त्यांचं सीपीएल मिळतं असं ऐकलंय.

मिळतं ते प्रायव्हेट. एफएए या अमेरिकेच्या विमान प्राधिकरणाच्या नियमावलीत ६१.७५ हे कलम आहे, त्यानुसार परदेशी लायसन्सच्या आधारावर परीक्षेच्या फार भानगडीशिवाय प्रायव्हेट पायलटचं प्रमाणपत्र देतात. त्याआधी एफएए डीजीसीएकडून, म्हणजे आपल्या विमान वाहतूक महासंचालनालयाकडून, तुमच्या लायसन्सची खातरजमा करून घेते. पण त्या प्रमाणपत्रावर पगार घेऊन उडता येत नाही. कमर्शियल हवं तर लेखी परीक्षा आणि परीक्षकासमोर तोंडी व प्रत्यक्ष उड्डाण, म्हणजे त्यांच्या भाषेत चेक राईड, दोन्ही आलं. भारतातले तास मात्र ते मोजतात. फक्त त्यांच्या व्याख्येनं मोजतात, आणि तिथं आपल्या भागातले पायलट अडकतात.

भारताच्या सीपीएलला २०० तास पुरतात, एफएएच्या साध्या मार्गानं, म्हणजे पार्ट ६१ खाली, २५० लागतात. हा फरक सगळ्यांना माहीत असतो. माहीत नसतो तो क्रॉस-कंट्रीचा, म्हणजे एका ठिकाणाहून दुसरीकडे केलेल्या लांब उड्डाणाचा. एफएएच्या कमर्शियलसाठी क्रॉस-कंट्री म्हणून धरायचं तर निघालेल्या ठिकाणापासून सरळ रेषेत ५० नॉटिकल मैलांपेक्षा लांब कुठंतरी उतरायला हवं. आता सांबऱ्यावरून नकाशावर पट्टी ठेवून बघा. हुबळी भरतं साधारण ४० नॉटिकल मैल. कोल्हापूर साधारण ५२. म्हणजे हुबळीला जाऊन उतरून परत आलेली फेरी तुमच्या लॉगबुकात क्रॉस-कंट्री म्हणून दिमाखात लिहिलेली असली तरी अमेरिकन परीक्षक ती त्या रकान्यातून खोडणार, आणि कोल्हापूरची जेमतेम वाचणार. एका संध्याकाळी लॉगबुक घेऊन बसा, प्रत्येक क्रॉस-कंट्रीपुढे शिसपेन्सिलीनं सरळ रेषेतलं अंतर लिहा आणि नवी बेरीज काढा. आकडा खाली येतो तेव्हा वाईट वाटतं, पण तो अमेरिकेत डॉलर मोजताना खाली येण्यापेक्षा टिळकवाडीत आलेला बरा.

आणखी एक लांब उड्डाण लागतं: एकूण किमान ३०० नॉटिकल मैल, तीन ठिकाणी उतरणं, आणि त्यातलं एक ठिकाण निघाल्या जागेपासून सरळ रेषेत किमान २५० नॉटिकल मैलांवर. गंमत अशी की सांबऱ्याहून मुंबई, हैदराबादचं शमशाबाद आणि बंगळूरचं देवनहळ्ळी, तिन्ही २५० च्या आत येतात. देवनहळ्ळी तर दहा-एक मैलांनी हुकतं. भारतातली ३०० मैलांची क्रॉस-कंट्री तुम्ही केलेली असते, पण तिथं २५० ची सरळ रेषेची अट नसते, म्हणून ते उड्डाण तिकडे चालेलच असं नाही. जी पोरं अजून प्रशिक्षण घेताहेत आणि अमेरिकेचा विचार मनात आहे, त्यांनी सीएफआयशी, म्हणजे संस्थेच्या मुख्य उड्डाण प्रशिक्षकाशी, बोलून मार्गच असा आखून घ्यावा की दोन्हीकडे चालेल.

याशिवाय दहा तास कॉम्प्लेक्स किंवा तांत्रिकदृष्ट्या प्रगत विमानावर लागतात. काचेचे पडदे आणि ऑटोपायलट असलेलं सेसना त्यात बसू शकतं, जुन्या घड्याळांचं बसत नाही. परदेशी नागरिकाला बहुतेक प्रशिक्षणांआधी टीएसए या सुरक्षा संस्थेची तपासणीही पार करावी लागते. आणि हे सगळं झाल्यावरही नोकरीला ग्रीन कार्ड किंवा तत्सम कामाचा हक्क लागतोच. अमेरिकन विमान कंपनीत को-पायलट व्हायचं तर सर्वसाधारणपणे १,५०० तास आणि एटीपी, म्हणजे त्यांचं एटीपीएल, हवं.

युरोप आणि ब्रिटन?

युरोपात इयासाचे, म्हणजे युरोपीय संघाच्या विमान सुरक्षा संस्थेचे, नियम. परदेशी लायसन्स बदलायचं तर तेरा विषयांच्या लेखी परीक्षा, प्रत्येकात ७५ टक्के. पहिला पेपर दिलेल्या महिन्यापासून १८ महिन्यांत सगळे उरकायचे, एका विषयाला चारच संधी. डीजीसीएच्या परीक्षांना ७० टक्के लागतात म्हणून ‘पाच टक्केच तर जास्त’ असं समजू नका. विषय जास्त आहेत आणि प्रश्नांचा बाज वेगळा आहे. आमच्या अनुभवात नेव्हिगेशन आणि हवामानशास्त्र ज्यांनी रट्टा न मारता शिकलंय ते तरतात. प्रश्नसंच पाठ करून डीजीसीए पास झालेले दुसऱ्याच महिन्यात फोन करतात.

पहिलं क्लास वन मेडिकल युरोपातल्या मान्यताप्राप्त वैमानिकी वैद्यकीय केंद्रातच करावं लागतं. त्यानंतर मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्था तुम्हाला किती उड्डाण प्रशिक्षण लागेल ते ठरवते, मग स्किल टेस्ट.

ब्रिटन २०२० अखेर युरोपच्या व्यवस्थेतून बाहेर पडलं. आता ब्रिटनच्या सीएएचं लायसन्स वेगळं, इयासाचं वेगळं. एक केलं की दुसरं फुकटात मिळतं हे जुन्या मुलांनी सांगितलेलं आता खरं नाही.

कॅनडा, ऑस्ट्रेलिया?

दोन्हीकडे वाट सुटसुटीत आहे: त्यांची लेखी परीक्षा, त्यांचं मेडिकल, फ्लाईट टेस्ट. ऑस्ट्रेलियात आधी कासा या तिथल्या विमान प्राधिकरणाकडून एआरएन हा ओळख क्रमांक घ्यावा लागतो आणि विमानतळावर काम करायचं तर पार्श्वभूमी तपासून दिलेलं ओळखपत्र. कॅनडात आणि ऑस्ट्रेलियात लांबच्या वस्त्यांना सेवा देणाऱ्या छोट्या विमानांवर कमी तासांच्या पायलटना काम मिळतं, म्हणून ही दोन नावं पुन्हा पुन्हा ऐकू येतात. पण ती कामं जातात आधी कायम वास्तव्याचा परवाना असलेल्यांना. तिकडे जायचं तर स्थलांतराचा अर्ज आधी आणि लायसन्सचा नंतर.

लॉगबुकात काय बघतात?

सगळं बघतात, आणि बेरीज सगळ्यात आधी बघतात. आमच्याकडच्या एका मुलाचं लॉगबुक घ्या. सुरुवातीच्या एका पानावर ड्युअलचा, म्हणजे प्रशिक्षकासोबतचा, एक तास वीस मिनिटांचा धडा त्यानं ‘१.२०’ असा टिंब देऊन लिहिला. पुढे बेरीज करताना ते टिंब दशांशचिन्ह झालं. तास-मिनिटांत १:२० म्हणजे दशांशात १.३, पण त्यानं काही पानं साठ मिनिटांच्या हिशेबानं मिळवली, काही शंभराच्या. ‘मागील पानावरून’ हा रकाना प्रत्येक पानावर ती चूक इमानदारीनं पुढे नेत राहिला. शेवटच्या पानावर पीआयसी (स्वतः विमानाची जबाबदारी घेऊन उडलेले तास) आणि ड्युअल मिळून जे होत होतं ते एकूण तासांशी जुळेना. फरक फारसा नव्हता. पण परदेशातला कारकून फरक किती ते बघत नाही, फरक आहे इतकंच बघतो, आणि फाईल परत येते.

म्हणून: एकच पद्धत धरा, तास-मिनिटं किंवा दशांश. चूक सापडली तर व्हाईटनर लावू नका. एक रेघ मारा, वर बरोबर आकडा लिहा, सीएफआयची सही घ्या. उड्डाणाची वेळ म्हणजे विमान उड्डाणासाठी स्वतःच्या ताकदीनं हललं तिथपासून पूर्ण थांबेपर्यंत. फक्त हवेतली वेळ नव्हे. सिम्युलेटर वेगळ्या रकान्यात. रात्रीचे तास, उपकरणांवरचे तास, क्रॉस-कंट्री यांची एक पानी गोषवारा-यादी करून संस्थेच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी घेऊन ठेवा. संस्था सोडताना मागितली तर दहा मिनिटांत मिळते. सीएफआय बदलून गेल्यावर मागितली तर काही महिने जातात.

एसएसएलसीच्या कार्डावर नाव वेगळं आहे आणि पासपोर्टवर वेगळं. चालेल का?

आपल्या भागाचं खरं दुखणं हे आहे. दहावी बेळगावात झाली तर गुणपत्रिकेवर बऱ्याचदा आडनाव, नाव आणि वडिलांच्या नावाचं एक अक्षर अशी सरमिसळ असते. बारावी कोल्हापूरला झाली तर महाराष्ट्र बोर्डाच्या पद्धतीनं आडनाव-नाव-वडिलांचं नाव पूर्ण. पासपोर्टवर तिसरीच मांडणी. डीजीसीएनं परीक्षेसाठीचा कॉम्प्युटर नंबर दिला तेव्हा यातलं जे नाव पुढे आलं ते लायसन्सवर बसलं. आपल्याला ‘पाटील एस. आर.’ आणि ‘सागर पाटील’ एकच वाटतात. बाहेरच्या संगणकाला वाटत नाहीत.

तशीच गावाची गोष्ट. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं अधिकृत नाव बदललं. जुन्या जन्मदाखल्यावर आणि पासपोर्टवर एक स्पेलिंग, नव्या कागदांवर दुसरं. काही लोकांच्या पासपोर्टवर जन्मगाव तालुक्याचं आहे, दाखल्यावर खेड्याचं.

करायचं एवढंच: पासपोर्टवरचं नाव आणि जन्मस्थळ हे मूळ धरा आणि बाकीचं त्याला जुळवून घ्या. लायसन्सवरचं नाव बदलायचं असेल तर परदेशी अर्जाच्या आधी डीजीसीएकडे ते काम पुरं करा. छोट्या फरकांना ‘ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं नोटरीपुढचं प्रतिज्ञापत्र पुरतं, मोठ्या फरकाला राजपत्रात प्रसिद्धी लागते. जन्मदाखला कन्नडमध्ये असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर सोबत जोडा. आणि दहावी-बारावी दोन राज्यांत झाली असेल तर गुणपत्रिकेची पडताळणी दोन बोर्डांकडून, एक बंगळूरहून आणि एक कोल्हापूर विभागीय मंडळाकडून. ही पत्रं मिळायला वेळ लागतो, म्हणून उड्डाणाचे तास सुरू असतानाच मागवा.

अपोस्टिल करावं लागतं का?

देशावर आहे. अपोस्टिल म्हणजे आपला कागद परदेशात खरा धरावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का. भारत २००५ पासून हेग अपोस्टिल करारात आहे, त्यामुळे युरोपातले बरेच देश, ऑस्ट्रेलिया वगैरेंसाठी आधी राज्याची पडताळणी आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का पुरतो. अमिरात आणि कतारसाठी त्या दूतावासाची वेगळी मोहोर लागते. पोलीस क्लिअरन्सचा अर्ज पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरून करता येतो. शिक्क्यांच्या कामाला एजंट चालतो. हे एकच काम आम्ही एजंटला द्यायला सांगतो.

भारताचं क्लास वन मेडिकल बाहेर चालतं का?

व्हॅलिडेशनला चालतं, कन्व्हर्जनला बहुतेक ठिकाणी त्यांचं वेगळं करावं लागतं. डोळे, कान, हृदयाचा आलेख, रक्त हे सगळीकडे सारखं. रंगदृष्टीच्या चाचण्यांच्या पद्धती मात्र देशागणिक वेगळ्या आहेत, त्यामुळे इथं काठावर पास झालेल्यानं तिथलं मेडिकल सगळ्यात आधी करावं, परीक्षेची फी नंतर भरावी. चष्म्याची भीती बाळगू नका. आधी केलेली शस्त्रक्रिया किंवा चालू औषध लपवू नका. बंगळूरच्या आयएएम या हवाई दलाच्या वैद्यकीय संस्थेत जे सांगितलंत तेच तिकडेही सांगा. दोन फाईलींत दोन गोष्टी आढळल्या तर आजारापेक्षा खोटेपणा महागात पडतो.

इंग्रजीचं काय? आमचं शिक्षण मराठी माध्यमातलं आहे.

आयकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचे इंग्रजीचे सहा स्तर आहेत. चौथा किमान, तो दर तीन वर्षांनी तपासतात. पाचवा सहा वर्षांनी. सहाव्याला पुन्हा परीक्षा नाही. मराठी माध्यमाचा काही अडसर नसतो. आपली पोरं घरी मराठी, बाजारात कन्नड, मोबाईलवर हिंदी असं दिवसभर करतच असतात, चौथी भाषा त्यांना जड जात नाही. अडते ती घाई. रेडिओवर ठरावीक वाक्यं घडाघडा येतात, पण परीक्षक ‘इंजिन बंद पडलं तेव्हा काय घडलं ते सांगा’ म्हणाला की गाडी अडकते. रोज एक घटना तीन मिनिटं मोठ्यानं इंग्रजीत सांगा. उच्चार मराठी वळणाचा असला तरी चालतो, समजला पाहिजे. लायसन्सवर स्तराची नोंद झालीय ना ते मात्र बघून घ्या, ती नसेल तर परदेशी अर्ज पुढे सरकत नाही.

मुलाला अमेरिकेत किंवा दक्षिण आफ्रिकेत शिकवून आणलं. आता त्याचं लायसन्स भारतात कसं बदलायचं?

उलट प्रवास, आणि आमच्याकडे या घरांचे फोन सगळ्यात जास्त. आयकाओ सदस्य देशाचं सीपीएल असेल तर डीजीसीएचा एअर रेग्युलेशन्सचा पेपर आणि नेव्हिगेशन-हवामानशास्त्राचा एकत्रित पेपर द्यायचा, दोन्हीत ७० टक्के. क्लास वन मेडिकल भारतातलं. रेडिओ वापरण्याचं आरटीआर प्रमाणपत्र भारतातलं. ते पूर्वी दूरसंचार खात्याची डब्ल्यूपीसी ही शाखा द्यायची, २०२४ च्या भारतीय वायुयान अधिनियमानंतर ते डीजीसीएकडे आलं. मग इथल्या प्रशिक्षण संस्थेत चेक फ्लाईंग. तिकडच्या प्राधिकरणाकडून लायसन्स खरं असल्याची खातरजमा येईपर्यंत फाईल हलत नाही.

घोळ होतो तो काळाचा. २०० तास अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांतले हवेत, आणि शेवटच्या सहा महिन्यांत काही ताजं उड्डाण हवं. मुलगा परत आला, पेपरात दोनदा अडकला, आरटीआरच्या तारखेची वाट बघितली, लग्नकार्य झालं, आणि ताजेपणा संपला. मग पुन्हा उडायचे पैसे. म्हणून जाण्याआधीच कॉम्प्युटर नंबर काढा, मेडिकल करा आणि शक्य तितके पेपर भारतातच देऊन जा.

अट अशीही आहे की बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित असावं. कॉमर्सवाल्यांनी हे विषय मुक्त विद्यालयातून करून घेतलेले चालतात, पण ते विमानात बसण्याआधी.

भारतीय कंपनीत को-पायलट आहे. बाहेरचा कॉल आलाय. लगेच राजीनामा देऊ?

२०१७ च्या डीजीसीएच्या नियमानुसार को-पायलटला सहा महिने आणि कमांडरला एक वर्ष नोटीस द्यावी लागते. त्यात टाईप रेटिंगच्या, म्हणजे ठरावीक जातीच्या विमानाच्या प्रशिक्षणाच्या, बाँडची रक्कम वेगळी. परदेशी कंपनीला हे माहीत असतं. रुजू होण्याची तारीख तशी मागून घ्या. नोटीस न देता निघून गेलेल्याला पुढे एनओसी आणि अनुभवाच्या दाखल्यासाठी हात पसरावे लागतात.

कर्ज मिळेल का?

शिक्षण कर्ज साडेसात लाखांवर गेलं की बहुधा तारण लागतं, आणि पायलटचा खर्च त्यापुढे कुठल्या कुठे. आपल्याकडची अडचण अशी की तारण म्हणून पुढे येते ती शेती, आणि शेती घ्यायला बँका नाखूष. त्यात जमीन चंदगडची, सात-बारा महाराष्ट्राचा, शाखा बेळगावची असली की मॅनेजरचा चेहरा बघण्यासारखा होतो. शहरातलं घर किंवा प्लॉट असेल तर बोलणी लवकर होतात. परदेशी कन्व्हर्जनसाठी घर गहाण टाकू नका, हे आम्ही स्पष्ट सांगतो.

‘लायसन्स बदलून नोकरीची हमी’ देणारे एजंट?

विमान कंपनी मुलाखतीचे पैसे घेत नाही. प्राधिकरणाची फी थेट प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर, तुमच्या खात्यातून भरली जाते आणि पावती तुमच्या नावानं येते. तुमचा लॉगइन आणि पासवर्ड दुसऱ्याच्या हाती असेल तर समजा की अर्ज तुमचा नाही. ‘पैसे भरून तास उडा, मग नोकरी पक्की’ या योजनेत तास मिळतात, नोकरी कुणाच्या कागदावर लिहिलेली नसते. करारातला ‘हमी’ हा शब्द शोधून बघा.

परदेशात गेल्यावर भारतीय लायसन्स सोडून द्यायचं का?

सोडू नका. आखातातली नोकरी गेली तर व्हिसा जातो आणि माणूस काही आठवड्यांत सांबऱ्यावर उतरतो. २०२३ पासून सीपीएल आणि एटीपीएलची मुदत दहा वर्षांची आहे, पण मुदत असणं आणि उडता येणं यात फरक आहे: मेडिकल आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग वेगळं चालू ठेवावं लागतं, रेटिंगची मुदत वर्षाची. सुट्टीवर आलात की बंगळूरची मेडिकलची तारीख आधी घ्या, मग राणी चन्नम्मा एक्सप्रेसचं तिकीट काढा. परदेशातले तास दर महिन्याला कंपनीच्या सहीनं उतरवून ठेवा, नंतर त्या खात्यात ओळखीचं कुणी उरत नाही. फेब्रुवारी २०२५ पासून डीजीसीए लायसन्स इलेक्ट्रॉनिक स्वरूपातही देते, ते मोबाईलवर घेऊन ठेवा. आणि ईजीसीए या डीजीसीएच्या पोर्टलवरचा मोबाईल नंबर भारतीय असेल तर ते सिम बंद पडू देऊ नका, ओटीपी त्याच्यावरच येतो.